एकाच नोंदवहीची दोन उत्तरं : औषधी स्टेंट आणि रोजचा व्यवहार



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात, नात्यात किंवा शेजारात ‘स्प्रिंग टाकलेला’ एक तरी माणूस असतो. त्या स्प्रिंगविषयी घरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. कितीला पडली? आणि कुठल्या कंपनीची? आज आम्ही तिसरा प्रश्न घेऊन आलो आहोत. ती सुरक्षित आहे, उपयोगी आहे, हे आपल्याला कुणी सांगितलं आणि कशाच्या आधारावर?

डॉक्टरांनी स्टेंट कसा बसवावा हे सांगायला हे व्याख्यान नाही. हे वाचनाचं व्याख्यान आहे. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते. तशीच एखाद्या शोधनिबंधाचीही व्हायला हवी, कारण त्याच्या शेवटच्या दोन वाक्यांवर लाखो माणसांचे उपचार ठरतात. आम्ही त्यासाठी स्वीडनमधून आलेले दोन निबंध निवडले आहेत. नोंदवही तीच, प्रश्न तोच, मधे दोन वर्षांचं अंतर, आणि उत्तरं मात्र वेगळी. ती वेगळी का आली, हे नीट समजलं तर औषधी स्टेंटबद्दलचं बरंचसं समजलं असं आमचं म्हणणं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेयास ग्रुन्टझिग यांनी हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. वाहिनी मोकळी झाली, पण फुगा काढल्यावर ती पुन्हा आक्रसू शकते. म्हणून १९८६ मध्ये फ्रान्समध्ये जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिख सिगवार्ट यांनी धातूची जाळी आतच ठेवायला सुरुवात केली. हाच साधा स्टेंट. आक्रसणं थांबलं, पण दुसरी अडचण उभी राहिली. जाळीनं वाहिनीच्या आतल्या अस्तराला जखम होते आणि शरीर ती भरून काढतं. काही जणांत ते इतक्या उत्साहानं भरतं की नवी वाढ जाळीच्या आतून वाहिनी पुन्हा अरुंद करून टाकते. साधारण चार-पाच रुग्णांमागे एकाला हे व्हायचं. छातीत पुन्हा दुखायचं, आणि पुन्हा कॅथलॅबची पायरी चढावी लागायची.

यावर उपाय सुचला तो असा : जाळीवर औषधाचा लेप द्यायचा. ते हळूहळू झिरपेल आणि पेशींची वाढ रोखेल. सुरुवातीच्या दोन प्रमुख औषधांपैकी एक होतं सिरोलिमस. ते ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं आणि त्यावर मूळ काम केलं ते भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ सुरेंद्रनाथ सेहगल यांनी, कॅनडातल्या प्रयोगशाळेत. दुसरं पॅक्लिटॅक्सेल, ते मुळात कर्करोगावरचं औषध. या औषधांचे स्टेंट म्हणजे आपल्याकडे ज्यांना सरसकट ‘मेडिकेटेड स्टेंट’ म्हणतात ते. आम्ही औषधी स्टेंट म्हणू.

२००२ साली ‘रॅव्हेल’ नावाच्या चाचणीचा निष्कर्ष छापून आला. रुग्ण २३८. सहा महिन्यांनी तपासलं तर साध्या स्टेंटच्या गटात २६.६ टक्के रुग्णांची वाहिनी पुन्हा अरुंद झालेली होती, आणि औषधी स्टेंटच्या गटात शून्य टक्के. वैद्यकात शून्य हा आकडा क्वचित दिसतो. तो दिसला की माणसं हुरळून जातात, तशी तेव्हा गेली. २००३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आणि बघता बघता औषधी स्टेंट हाच नेहमीचा स्टेंट झाला.

आता समीक्षकाचा पहिला प्रश्न. हे २३८ जण कोण होते? यांच्यात एकाच जागी, पहिल्यांदाच झालेला अडथळा होता. वाहिनीची जाडी ठरावीक मर्यादेतली, अडथळ्याची लांबी एका छोट्या स्टेंटात मावेल एवढीच. नुकताच हृदयविकाराचा झटका सुरू आहे असे रुग्ण त्यात नव्हते. म्हणजे वर्गातल्या सरळ मुलांची परीक्षा घेतली आणि निकाल साऱ्या शाळेचा म्हणून लावला. कॅथलॅबमध्ये प्रत्यक्षात येतात ते मधुमेही, तीन-तीन वाहिन्या खराब असलेले, झटका आल्यावर मध्यरात्री आणलेले, किडनी अर्धीमुर्धी चालणारे. २००६ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं यावर तज्ज्ञांची बैठक घेतली, तेव्हा समोर आलं की औषधी स्टेंटांचा निदान ६० टक्के वापर परवान्यात लिहिलेल्या रुग्णप्रकारांच्या बाहेर होत होता. यात डॉक्टरांचं चुकलंच असं आम्ही म्हणत नाही. समोरच्या रुग्णाला काहीतरी द्यावंच लागतं. पण ‘रॅव्हेल’चं शून्य या माणसांना लागू होतं, असं मात्र कुणी सिद्ध केलेलं नव्हतं.

दुसरा प्रश्न : मोजलं काय? पुन्हा अरुंद होणं मोजलं. ते मोजायलाच हवं होतं. पण औषधाचा जो गुण, त्यातच त्याचा दोषही दडलेला होता. पेशींची वाढ थांबते म्हणजे जखम भरणंही लांबतं. धातूवर अस्तर चढायला उशीर होतो. उघडा धातू रक्ताला लागून राहिला की त्यावर गुठळी होऊ शकते, आणि तीही अचानक, महिन्यांनी, कधी वर्षांनी.

या दोन धोक्यांची जात वेगळी आहे. वाहिनी पुन्हा अरुंद होते तेव्हा बहुतेक वेळा ते हळूहळू होतं. माणसाला दुखतं, तो दवाखाना गाठतो, इलाज होतो. गुठळी मात्र वेळ देत नाही. इटली आणि जर्मनीतल्या २,२२९ रुग्णांचा एक अभ्यास २००५ साली आला. औषधी स्टेंट बसवल्यावर नऊ महिन्यांत त्यातल्या फक्त २९ जणांना गुठळी झाली, पण त्या २९ पैकी १३ दगावले. म्हणजे वारंवार होणारी कटकट कमी करायची आणि त्याबदल्यात क्वचित होणारा घात पत्करायचा, असा हा सौदा होता की काय? हा सौदा फायद्याचा की तोट्याचा, हे २३८ सरळ रुग्णांवरून कळणं शक्यच नव्हतं. त्याला हजारो माणसं लागतात आणि अनेक वर्षं लागतात.

इथे स्वीडन येतं. त्या देशात हृदयाच्या वाहिन्यांची तपासणी आणि अँजिओप्लास्टी करणारी केंद्रं एका राष्ट्रीय नोंदवहीत प्रत्येक रुग्णाची माहिती भरतात. प्रत्येक नागरिकाला ओळख क्रमांक असल्यानं ती माहिती मृत्यूंच्या आणि रुग्णालय-भरतीच्या नोंदींशी जोडता येते. रुग्ण पुन्हा त्याच डॉक्टरकडे गेला नाही, गाव बदललं, तरी तो नोंदीतून हरवत नाही. रोजच्या व्यवहारात काय होतं हे बघायला याहून चांगली खिडकी मिळणं कठीण.

२००६ च्या सप्टेंबरात बार्सिलोनामध्ये युरोपातल्या हृदयतज्ज्ञांच्या परिषदेत औषधी स्टेंटांच्या सुरक्षिततेवरून वादळ उठलं होतंच. त्यात २००७ च्या मार्चमध्ये स्वीडनचा पहिला निबंध आला. २००३ आणि २००४ या दोन वर्षांतले रुग्ण. औषधी स्टेंटचे ६,०३३ आणि साध्या स्टेंटचे १३,७३८. निष्कर्ष असा की तीन वर्षांअखेर औषधी स्टेंटच्या गटात मृत्यूचा धोका १८ टक्क्यांनी जास्त. आणि पहिले सहा महिने सोडून पुढचा काळ बघितला तर ३२ टक्क्यांनी जास्त.

१८ टक्के, ३२ टक्के! हे आकडे ऐकून कुणाचीही झोप उडेल. पण तोच निबंध पुढे वाचला तर दिसतं की सहा महिन्यांनंतर मृत्यूच्या धोक्यातला प्रत्यक्ष फरक वर्षाला अर्धा टक्का होता. म्हणजे २०० माणसांमागे वर्षाला एक. हा आकडाही लहान नाही. माणसाचा जीव आहे तो. पण ‘३२ टक्के’ ऐकल्यावर डोळ्यांपुढे जे चित्र उभं राहतं ते हे नव्हे. टक्केवारी कशाची, हे विचारल्याशिवाय टक्केवारी ऐकू नये, ही या निबंधानं शिकवलेली पहिली गोष्ट. शिवाय मृत्यू आणि झटका मिळून एकत्र मोजलं तर तीन वर्षांत दोन गटांत ठळक फरक नव्हता. पहिल्या सहा महिन्यांत औषधी गटाची स्थिती थोडी बरी होती, नंतर वाईट होत गेली. ही रेघ सहा महिन्यांवर ओढल्यामुळे ‘नंतरचा’ धोका उठून दिसला. रेघेपाशी पोचलेली माणसं ही वाचलेली माणसं असतात, आणि दोन्ही गटांतली वाचलेली माणसं सारखीच असतात असं धरून चालता येत नाही.

पण खरा मुद्दा याहून खोल आहे. औषधी स्टेंट कुणाला बसवला गेला? चिठ्ठ्या टाकून नव्हे. डॉक्टरनं बघून ठरवलं. आणि २००३ साली, वस्तू नवी आणि महाग असताना, ती कुणासाठी राखून ठेवली जाईल? ज्याची वाहिनी लांबवर खराब आहे, ज्याला मधुमेह आहे, ज्याची पुन्हा अरुंद व्हायची भीती जास्त, त्याच्यासाठी. तालुक्याच्या दवाखान्यापेक्षा शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जास्त माणसं मरतात. म्हणून मोठं हॉस्पिटल वाईट, असं आपण म्हणत नाही, कारण गंभीर माणसालाच तिकडे हलवतात. स्वीडनच्या संशोधकांना हे ठाऊक होतं. त्यांनी वय, मधुमेह, आजाराची तीव्रता अशा अनेक गोष्टींची गणितानं वजाबाकी केली होती. पण वजाबाकी फक्त लिहिलेल्या गोष्टींची करता येते. रुग्णाकडे बघून डॉक्टरच्या मनात जे आलं, ते नोंदवहीच्या कुठल्याच रकान्यात नसतं.

आता दुसरा निबंध, २००९ चा. नोंदवही तीच. या वेळी २००३ ते २००६ अशी चार वर्षं आणि एकूण ४७,९६७ रुग्ण. एकच स्टेंट बसवलेल्यांची मुख्य तुलना केली. औषधी १०,२९४ आणि साधे १८,६५९. निष्कर्ष असा की मृत्यूत फरक नाही, झटक्यात फरक नाही. मग २००७ चा निष्कर्ष खोटा होता का? नाही. याच निबंधात एक ओळ आहे, आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची. २००३ साली औषधी स्टेंट बसवलेल्यांमध्ये उशिरा होणाऱ्या घटना खरोखरच जास्त होत्या. नंतरच्या वर्षांतल्या रुग्णांत तो फरक दिसला नाही.

धातू तोच, औषध तेच. बदललं काय? वापर बदलला. कुणाला बसवायचा हे बदललं असेल, बसवण्याचा सराव वाढला असेल, गोळ्या किती महिने द्यायच्या याची समज आली असेल. यातलं नेमकं कुठलं कारण किती, हे त्या आकड्यांतून सिद्ध होत नाही. पण एवढं नक्की की ‘औषधी स्टेंट सुरक्षित आहे का’ या प्रश्नाला एकदाच, कायमचं उत्तर नसतं. कुणाच्या हातून, कुठल्या रुग्णाला, नंतर कुठल्या काळजीनं, हे जोडल्याशिवाय प्रश्न पुराच होत नाही. आज आम्हाला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

दुसऱ्या निबंधालाही मोकळं सोडू नये. मुख्य तुलना एकच स्टेंट असलेल्यांची आहे. तीन-चार स्टेंट बसवलेला माणूस, म्हणजे ज्याची काळजी सर्वाधिक, तो या मुख्य तुलनेत नाही. दिलासादायक निबंध आपण जरा सैल हातानं तपासतो आणि भीतीदायक निबंध घट्ट हातानं. हे पथ्य दोन्हीकडे सारखंच पाळायला हवं.

कारण नोंदवही उलट्या दिशेनंही फसवू शकते. २००७ सालीच कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातून एक अभ्यास आला. एकमेकांशी मिळतेजुळते असे ३,७५१ रुग्णांचे जोड लावले. दोन वर्षांत पुन्हा प्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण साध्या स्टेंटमध्ये १०.७ टक्के, औषधीमध्ये ७.४ टक्के. इथपर्यंत ठीक. पण तीन वर्षांत मृत्यू? साध्यात ७.८ आणि औषधीत ५.५ टक्के. म्हणजे त्याच वर्षी स्वीडन म्हणतं औषधी स्टेंटनं मृत्यू वाढले आणि ओंटारियो म्हणतं घटले! दोन्ही प्रामाणिक, दोन्ही मोठे, दोन्ही रोजच्या व्यवहारातले. आपल्याला आवडेल तो निवडायचा, असं करून चालत नाही. दोन्ही ठिकाणी निवड डॉक्टरनं केली होती. एकीकडे कदाचित जास्त आजारी माणसं औषधी गटात गेली, दुसरीकडे कदाचित वर्षभर गोळ्या नीट घेतील अशी, धडधाकट, घरचं पाठबळ असलेली माणसं गेली.

मग वाद मिटवायचा कसा? चिठ्ठ्या टाकून, पण निवडक सरळ रुग्णांत नव्हे, तर शक्य तितक्या सगळ्यांत. हे नॉर्वेनं केलं. देशातल्या अँजिओप्लास्टी करणाऱ्या सर्व आठ केंद्रांत मिळून ९,०१३ रुग्ण घेतले, यादृच्छिक वाटणी केली आणि त्यांचा सहा वर्षांचा हिशेब २०१६ मध्ये मांडला. यात औषधी स्टेंट नव्या पिढीचे होते. मृत्यू किंवा झटका : औषधी १६.६ टक्के, साधे १७.१ टक्के. म्हणजे फरक नाही. पुन्हा कुठलीही वाहिनी उघडावी लागणं : १६.५ विरुद्ध १९.८ टक्के. स्टेंटमध्ये निश्चित गुठळी : ०.८ विरुद्ध १.२ टक्के, इथे उलट औषधीच किंचित सरस. जगण्याची गुणवत्ता विचारली, तर दोन्हीकडे सारखी.

म्हणजे एका नोंदवहीनं मारक ठरवलेली आणि दुसरीनं तारक ठरवलेली वस्तू प्रत्यक्षात मृत्यूच्या बाबतीत दोन्ही नव्हती. तिचा फायदा खरा आहे, पण मर्यादित आहे : पुन्हा कॅथलॅबमध्ये जाण्याची वेळ कमी येते. स्वीडनच्या दुसऱ्या निबंधात याचं फार उपयोगी गणित आहे. सरसकट बघितलं तर ३९ जणांना साध्याऐवजी औषधी स्टेंट बसवावा तेव्हा एकाचं पुन्हा अरुंद होणं टळतं. पण ज्यांना धोका जास्त, अशांत दहांमागे एकाचं टळतं. हा फरक रुग्णाला संमतीपत्रावर सही घेण्याआधी सांगायला हवा. ‘साधा घेतला तर जिवाला धोका, मेडिकेटेड घेतला तर बिनघोर’, हे वाक्य यातल्या कुठल्याही अभ्यासात नाही.

आणखी एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. साधा की औषधी हा प्रश्न वेगळा, आणि स्टेंट मुळात हवा की नको हा वेगळा. मोठा झटका आलेला असताना बंद वाहिनी तातडीनं उघडणं जीव वाचवतं, त्याबद्दल शंका घेऊ नये. स्थिर स्वरूपाच्या दुखण्यात मात्र ५,१७९ रुग्णांच्या ‘इस्केमिया’ चाचणीनं २०२० मध्ये दाखवलं की चांगल्या औषधोपचाराच्या जोडीला आधीच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्यानं मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र कमी झालं. दुखणं कमी होणं ही क्षुल्लक गोष्ट नाही. पण काय विकत घेतो आहोत ते माहीत असावं.

आता गोळ्यांकडे येऊ. नॉर्वेच्या चाचणीत एक अट होती जी मथळ्यात आली नाही. दोन्ही गटांना ॲस्पिरिन आणि जोडीला नऊ महिने क्लोपिडोग्रेल दिलं होतं. दोन्ही गोळ्या घेऊ न शकणारा माणूस त्या चाचणीत नव्हताच. आपल्या बोलीत ही ‘रक्त पातळ करायची गोळी’. धातूवर अस्तर चढेपर्यंत ती रखवालदाराचं काम करते. रखवालदार गेला तर?

अमेरिकेत झटक्यानंतर औषधी स्टेंट बसवलेल्या ५०० रुग्णांचा मागोवा घेतलेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६८ जणांनी, म्हणजे सातांमागे जवळजवळ एकानं, महिन्याभरातच ही दुसरी गोळी सोडली होती. पुढच्या अकरा महिन्यांत गोळी सोडणाऱ्यांत ७.५ टक्के दगावले, चालू ठेवणाऱ्यांत ०.७ टक्के. आता मघाची कसोटी इथेही लावू या. गोळी सोडणारे मुळातच वेगळे होते. वयानं मोठे, शिक्षण कमी, खर्चाच्या भीतीनं दवाखाना टाळणारे. म्हणून सगळा फरक गोळीचाच, असं म्हणता येणार नाही. पण त्याच अभ्यासात हेही आढळलं की घरी सोडताना औषधांविषयीच्या सूचना मिळाल्याचं प्रमाण यांच्यात कमी होतं. हे वाक्य वाचून आम्ही थांबलो. स्टेंट बसवायला तासभर लागतो. गोळी का आणि किती दिवस हे सांगायला दहा मिनिटं लागतात. राहून जातात ती दहा मिनिटं.

२००६-०७ च्या त्या टीकेचा उपयोग झाला का? झाला. जाळीचे तार पातळ झाले. पहिल्या सिरोलिमस स्टेंटचा तार १४० मायक्रॉन जाड होता, पुढच्या पिढीत तो ८१ वर आला. लेपही बदलले. ‘लीडर्स फ्री’ या २०१५ च्या चाचणीत रक्तस्रावाचा धोका मोठा असलेले २,४६६ रुग्ण घेतले, ज्यांना दोन गोळ्या फक्त महिनाभर देता येतात. एरवी अशांना साधा स्टेंटच द्यायची पद्धत होती. तिथेही औषधी स्टेंट सरस ठरला : हृदयविकारानं मृत्यू, झटका किंवा गुठळी मिळून ९.४ टक्के, साध्यात १२.९ टक्के. गोळ्या किती महिने हा हिशेबही आता माणूस बघून करतात, सर्वांना एकच माप नाही.

पण नवं ते चांगलंच असतं असंही नाही. काही वर्षांनी विरघळून जाणारा स्टेंट मोठ्या गाजावाजात आला, भारतातही विकला गेला. नेदरलँड्समध्ये १,८४५ रुग्णांची रोजच्या व्यवहारातली चाचणी झाली. २०१७ मधला तिचा निकाल : दोन वर्षांत गुठळी ३.५ टक्के, नेहमीच्या औषधी स्टेंटमध्ये ०.९. त्याच वर्षी त्याची विक्री थांबली. ‘लेटेस्ट आहे’ हे कारण पुरेसं का नाही, त्याचं याहून बोलकं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आता आपल्याकडे. २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. त्यामागे दिल्लीतले वकील बीरेंदर सांगवान यांची जनहित याचिका होती. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी कमाल किंमत ठरली : साधा ७,२६० रुपये, औषधी २९,६०० रुपये. त्याआधी औषधी स्टेंटसाठी लाख-दीड लाख मोजलेली कुटुंबं आपण पाहिली आहेत. हा निर्णय चांगला होता, हे आम्ही निःसंकोच म्हणतो.

मात्र किंमत एक झाली म्हणून गुण एक झाला असं होत नाही, आणि किंमत कमी म्हणून माल हलका असंही नाही. दोन्ही बाजूंचे पुरावे भारतातूनच आलेत. २०१५ ची ‘टक्सेडो’ चाचणी डॉ. उपेंद्र कौल यांच्या नेतृत्वाखाली आपल्या देशातल्या १,८३० मधुमेही रुग्णांवर झाली. दोन्हीकडे औषधी स्टेंटच होते, फक्त औषध आणि बनावट वेगळी. वर्षभरात उपचार अपयशी ठरण्याचं प्रमाण एकाचं ५.६ टक्के, दुसऱ्याचं २.९. तर सुरतेत बनलेला ६० मायक्रॉन तारांचा स्टेंट युरोपातल्या २३ केंद्रांत, १,४३५ रुग्णांत, नावाजलेल्या परदेशी स्टेंटशी तोलला गेला. २०१९ च्या निकालात वर्षभराचे आकडे ४.९ आणि ५.३ टक्के, म्हणजे तो तोडीस तोड निघाला. ‘इंपोर्टेड’ या शब्दाला जे वलय आहे, त्याला या आकड्यांचा आधार नाही.

पण आमची खरी तक्रार वेगळी आहे. आपण किंमत मोजायला शिकलो, माणसं मोजायला नाही. आपल्याकडे वर्षाला किती अँजिओप्लास्टी झाल्या याची गोळाबेरीज होते. पण बुलढाण्याच्या एखाद्या शेतकऱ्याला संभाजीनगरात स्टेंट बसला, तर तीन वर्षांनी तो आहे की नाही, गोळी कधी सुटली, दुसरा झटका कुठल्या गावात आला, हे जोडून सांगणारी स्वीडनसारखी नोंदवही आपल्याकडे नाही. कंपन्यांच्या चाचण्या वर्ष-दोन वर्षांचं सांगतात. शंकेची जागा त्यापुढे आहे. २००७ साली बर्न आणि रॉटरडॅमच्या ८,१४६ रुग्णांत दिसलं होतं की त्या वेळच्या औषधी स्टेंटांत गुठळीचा धोका तीन वर्षं, वर्षाला ०.६ टक्के असा चालूच राहिला. हे दोन शहरांनी मोजलं म्हणून जगाला कळलं. आपल्याकडे हे जमणार नाही असं म्हणू नये. केरळमध्ये १२५ रुग्णालयांनी मिळून हृदयविकाराच्या २५,७४८ भरतींची नोंद केलेलीच आहे. सरकारी योजनेतून पैसे देताना प्रत्येक प्रक्रियेचा कागद तयार होतोच. तो मृत्यूच्या नोंदीशी जोडायची इच्छा हवी.

नोंदवही फसवू शकते, हे आम्ही अर्धा तास सांगितलं, आणि आता नोंदवहीच मागतो आहोत. यात विसंगती नाही. स्वीडनची नोंदवही २००७ मध्ये अडखळली, तरी पुढचा हिशेब दोन वर्षांत तीच देऊ शकली, कारण ती चालू होती. जिथे नोंदच नाही, तिथे चूक झाल्याचंही कळत नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? स्टेंटबरोबर मिळालेलं कार्ड आणि डिस्चार्जचा कागद जपून ठेवा. त्यावर स्टेंटचं नाव आणि तारीख असते. दुसरी गोळी किती महिने, हे त्याच कागदावर डॉक्टरांकडून लिहून घ्या. दात काढायचा आहे, मोतीबिंदू करायचा आहे, पोटात जळजळतंय, आता बरं वाटतंय, यातल्या कुठल्याही कारणानं ती गोळी आपल्या मनानं बंद करू नका, आणि मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरूनही नको. आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. आणि स्टेंट बसवण्याआधी घाई नसेल तर जरूर विचारा : यानं माझं आयुष्य वाढणार आहे, दुखणं कमी होणार आहे, की पुन्हा इथे यावं लागणं टळणार आहे? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असतात. चांगला डॉक्टर ती वेगवेगळीच देईल.

आता प्रश्न घेऊ या.